नवीन डेस्कटॉपला डोंगल, माऊस, प्रिंटर टिकतच नाहीत, सारखं डिस्कनेक्ट होतंय (शनिवार पेठ, पुणे)

अक्षरजुळारी
नमस्कार मंडळी. मी घरूनच मराठी डीटीपीचं काम करते, पुस्तकांची आणि अंकांची अक्षरजुळणी, अप्पा बळवंत चौकातल्या दोन-तीन प्रकाशकांची कामं नेहमी असतात. जुना कॉम्प्युटर अकरा वर्षं चालला, शेवटी गणपतीच्या आधी नवीन असेंबल करून घेतला. स्पीडला मस्तच आहे, तक्रार एकच पण अशी की रडायची वेळ आलीये. माझ्या मराठी सॉफ्टवेअरला यूएसबीचं डोंगल लागतं, ते लावलेलं असेल तरच सॉफ्टवेअर चालतं, आणि ते डोंगल दिवसातनं आठ-दहा वेळा आपोआप निघाल्यासारखं होतं. ते टुं-डुंग असं वाजतं, लगेच परत डुं-टुंग वाजतं म्हणजे परत जोडलं जातं, पण तेवढ्यात सॉफ्टवेअर 'की नाही' म्हणून बंद पडतं आणि सेव्ह न केलेलं पान जातं. परवा एका दिवाळी अंकाचं कवितांचं अख्खं सोळा पानी असंच गेलं, परत बसून केलं रात्री दोनपर्यंत. वायरलेस माऊस पण अडकत अडकत चालतो, आणि प्रिंटर कधी ऑफलाइन दाखवतो कधी दोनदोन प्रिंटर दाखवतो.

दुकानदाराला तीन वेळा फोन केला, तो म्हणतो विंडोजचा प्रॉब्लेम आहे घेऊन या फॉरमॅट मारून देतो. पण फॉरमॅट मारला की माझे सगळे फॉन्ट आणि सेटिंग परत करायला दोन दिवस जातात आणि अंक छपाईला जायला तीन आठवडे राहिलेत. कृपया सांगा कुठून सुरुवात करू.

हिंजवडी_नाइटशिफ्ट
ताई, आधी फॉरमॅट अजिबात नको. काही प्रश्न. मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, कोणत्या चिपसेटचा (त्यावरच्या मुख्य चिपचा) आहे? डोंगल पुढच्या पोर्टला लावलंय की मागच्या? मध्ये हब, म्हणजे एका पोर्टची चार पोर्टं करणारा डबा, आहे का? आणि जुन्या कॉम्प्युटरवर हेच डोंगल नीट चालत होतं ना?

तोवर एक करून बघा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तुमचा प्लॅन उघडून अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे यूएसबी सेटिंग्जच्या खाली सिलेक्टिव्ह सस्पेंड दिसेल, ते डिसेबल करा. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा, खाली यूएसबीच्या यादीत जेवढे रूट हब आहेत त्या प्रत्येकाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये वीज वाचवायला हे साधन बंद करायची परवानगी अशी टिक असते, ती काढा. विंडोज वीज वाचवायला न वापरलेलं साधन झोपवतं, काही जुनी डोंगलं झोपली की नीट उठत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक वही घ्या. डिस्कनेक्टचा आवाज आला की वेळ लिहा आणि त्या क्षणी काय चालू होतं ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

कोथरूड_डेपो
चिपसेट एएमडीचा ५०० सिरीजचा असेल तर एक जुनी भानगड आहे. त्या बोर्डांवर यूएसबी मध्येच तुटायचं, फेब्रुवारी २०२१ मध्ये एएमडीने स्वतःच मान्य केलं होतं आणि एप्रिलपासून एजेसा (बायोसमधला एएमडीचा स्वतःचा कोड) १.२.०.२ असलेले बायोस, म्हणजे चालू होताना बोर्डातला पहिला चालणारा प्रोग्राम, बोर्डवाल्यांनी द्यायला सुरुवात केली. दुकानात पडून राहिलेला बोर्ड असेल तर त्यात जुना बायोस असू शकतो. चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, पहिल्याच पानावर व्हर्जन आणि तारीख असते.

अक्षरजुळारी
दोघांचेही आभार. वरच्या मजल्यावरचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे त्याला बोलावून सगळं बघितलं. बोर्ड बी५५० आहे म्हणजे तुम्ही म्हणता तीच सिरीज, पण बायोसची तारीख २०२३ ची आहे, म्हणजे ती दुरुस्ती येऊन गेलेली असणार ना? जुन्या कॉम्प्युटरवर डोंगल नीट चालायचं, आधीच्या अकरा वर्षांत एकदाही असं झालं नाही. हब नाहीये, डोंगल मागे डायरेक्ट लावते, पुढे लावून पाहिलं तरी तेच. सिलेक्टिव्ह सस्पेंड काल दुपारी बंद केलं, टिका पण काढल्या. संध्याकाळी जरा बरं वाटलं, पण आज सकाळपासून परत चार वेळा. वही सुरू केलीये.

कोथरूड_डेपो
हो, २०२३ चा असेल तर ते कारण सोडून द्या. उगाच बायोस फ्लॅश करू नका, म्हणजे नवीन भरू नका, मध्येच लाईट गेली तर बोर्ड जायचा.

पाषाण_टेकडी
माऊसचं मी सांगतो कारण माझं सेम झालं होतं. माऊसचा तो छोटा रिसीव्हर मागे निळ्या पोर्टच्या शेजारी लावलाय का? आणि शेजारी बाहेरची हार्ड डिस्क आहे का बॅकअपला?

कारण असंय की यूएसबी ३.० ज्या वेगाने डेटा पाठवतं, सेकंदाला ५ गिगाबिट, त्यातून जो रेडिओ गोंगाट निघतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पण पसरतो, आणि वायरलेस माऊस, ब्लूटूथ, जुनं वायफाय हे सगळं त्याच पट्ट्यात. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक पेपर काढलाय. हार्ड डिस्कवर कॉपी चालू असताना तिची केबल आणि कनेक्टर जणू छोटा जॅमर होतात आणि रिसीव्हर त्याला चिकटून बसलेला असतो. माऊसचा सिग्नल मुळात बारीक, तो बिचारा त्यात हरवून जातो. तुमचा माऊस बिघडलेला नाहीये.

उपाय अगदी साधा, यूएसबी २.० ची एक-दीड मीटरची एक्स्टेन्शन केबल घ्या आणि रिसीव्हर टेबलावर माऊसजवळ आणून ठेवा. तपकीर गल्लीत कुठेही मिळेल.

अक्षरजुळारी
पाषाण_टेकडी दादा, तंतोतंत तेच! रिसीव्हर आणि बॅकअपची डिस्क मागे एकमेकांना चिकटून होते, आणि मी रोज संध्याकाळी बॅकअप घेते तेव्हाच माऊस जास्त अडकायचा, पण मला वाटायचं कॉम्प्युटर हळू झालाय. आज तपकीर गल्लीत जाऊन केबल आणली, रिसीव्हर कीबोर्डच्या बाजूला ठेवला आणि मुद्दाम ४० जीबी कॉपीला लावून मजकुरात करेक्शन करत बसले. एकदाही अडकला नाही. एक तरी सुटलं.

डोंगलचं मात्र तसंच. वहीतले दोन दिवस टाकते. मंगळवारी सकाळी ६.४० (सोसायटीच्या पंपाची वेळ, मी नुसतीच पीडीएफ वाचत होते), ११.१५, ११.१८, १२.५०, ४.०५, ५.३०. बुधवारी ६.४२, १०.२०, १०.२१, १०.२५, ३.१०. मधल्या वेळात कधी कधी तीन-तीन तास काहीच नाही. १०.२० च्या तिन्ही वेळा मी प्रूफं, म्हणजे तपासायच्या प्रिंट, काढत होते.

बिबवेवाडी_बस
ताई मला वाटतं एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचा प्रॉब्लेम असेल, स्वस्तातला टाकला असेल तर ५ व्होल्ट डळमळतो. बदलून बघा.

हिंजवडी_नाइटशिफ्ट
एसएमपीएस असू शकतो पण बदलायचा खर्च शेवटी. आधी विंडोज दोषी की हार्डवेअर ते वेगळं काढू, म्हणजे दुकानदाराचा फॉरमॅटचा मुद्दा तरी निकालात निघेल. एका पेन ड्राइव्हवर उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, टाका, त्यावरून बूट करा, इन्स्टॉल करायचं नाही, ट्राय उबंटू एवढंच दाबायचं. तुमच्या हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. डोंगल, प्रिंटर सगळं नेहमीसारखं जोडलेलं ठेवा. टर्मिनलमध्ये डीमेसेज (dmesg -w) ही कमांड चालू ठेवा, कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, काय काय दिसतं ते ओळीओळीने येत राहील. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाला जमेल. आणि तेवढ्यात एक-दोन प्रूफं काढा.

अक्षरजुळारी
केलं. रविवारी दुपारी दोन तास बसलो आम्ही दोघं. पहिला पाऊण तास काहीच नाही, मग टेस्ट पेज प्रिंटला दिलं, प्रिंटर गरम व्हायला लागला, तो घूं असा आवाज येतो ना तेव्हाच स्क्रीनवर ओळ आली यूएसबी डिस्कनेक्ट, आणि त्याच्या खाली डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर वजा ७१, असं दोनदा आणि मग नवीन नंबरने डोंगल परत जोडलं गेलं. पाच प्रिंट काढल्या त्यात दोनदा झालं. म्हणजे विंडोज नाहीच ना हे?

हिंजवडी_नाइटशिफ्ट
नाहीच. वजा ७१ म्हणजे प्रोटोकॉल एरर, तारेवरून आलेले बिट्सच वेडेवाकडे पोचतायत. दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर तेच झालं म्हणजे फॉरमॅटने काहीही होणार नाही. दुकानदाराला हे स्पष्ट सांगा. आता प्रिंटरवर लक्ष द्या. प्रिंटर लेझर आहे का? त्याची यूएसबी केबल काढून अर्धा दिवस काम करून बघा.

निवृत्त_वायरमन
मी हा धागा पहिल्यापासून वाचतोय, आता राहवत नाही म्हणून लिहितो. मी ३२ वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. ताई, मला फक्त तीन गोष्टी सांगा. प्रिंटर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर लावलेत की वेगवेगळ्या? कॅबिनेटच्या मागच्या उघड्या पत्र्याला अनवाणी पायाने हात लागला तर कधी बारीक झिणझिणल्यासारखं होतं का? आणि प्रिंटरची यूएसबी केबल लावताना तिच्या धातूच्या टोकाला बोट लागलं तर चिमटा बसतो का?

अक्षरजुळारी
काका, तुम्ही घरात येऊन बघितल्यासारखं विचारलंत. प्रिंटर लेझर आहे, हॉलमध्ये दाराजवळच्या टेबलावर, त्याचा प्लग तिथल्या बोर्डात. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, त्याचा प्लग एक्स्टेन्शन बोर्डात आणि तो भिंतीतल्या जुन्या पिनेत, म्हणजे सॉकेटमध्ये. मध्ये तीन मीटरची यूएसबी केबल भिंतीच्या कडेने नेलीये. आणि हो, चिमटा बसतो! कॉम्प्युटर आला त्या दिवशीच बसला होता केबल लावताना, दुकानातल्या मुलाने सांगितलं की स्टॅटिक असतं नवीन मशिनला, आणि मी पण सोडून दिलं. आत्ता प्रिंटरची केबल काढलेली असताना कॅबिनेटच्या पत्र्यावरून हात फिरवला तर खरखरीत लागतो, जणू वाळू आहे त्यावर.

निवृत्त_वायरमन
ते स्टॅटिक नाही. स्टॅटिक एकदाच चटका देऊन संपतं, हे सतत आहे. ती वाळूसारखी खरखर म्हणजे पत्र्यावर वीज आलेली आहे, आणि त्याचं कारण बहुतेक तुमच्या आतल्या खोलीच्या पिनेला अर्थिंग नाही.

नीट समजून घ्या. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये आत येताना एक फिल्टर असतो, त्यात फेजपासून पत्र्यापर्यंत एक बारीक कपॅसिटर आणि न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत एक. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा फार थोडा करंट हिरव्या वायरने जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा त्या दोन कपॅसिटरच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० च्या अर्ध्यावर, साधारण ११५ व्होल्टवर. करंट अगदी बारीक असतो म्हणून झिणझिण्याच येतात, पण तो आहे. नवीन एसएमपीएसमध्ये हा फिल्टर मोठा असू शकतो, म्हणून त्याच पिनेवर जुन्या मशिनला कदाचित जाणवलं नसेल.

आता प्रिंटर हॉलच्या बोर्डावर आहे आणि तिथे अर्थिंग नीट असणार. मग कॉम्प्युटरच्या पत्र्यावरचा तो करंट जमिनीत जायला कुठली वाट शोधेल? तुमच्या प्रिंटरच्या यूएसबी केबलमधल्या धातूच्या जाळीची. म्हणजे तुमच्या डेटाच्या केबलचीच अर्थिंगची वायर झाली. आणि लेझर प्रिंटरमधला कागद भाजणारा हीटर, तो चालू-बंद होताना कित्येकशे वॅटचा झटका घेतो, पंप चालू होतानाही तसाच. प्रत्येक झटक्याला दोन्हीकडच्या अर्थच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो आणि तो यूएसबीच्या ग्राउंडवर आदळतो. डोंगलसारख्या साधनाच्या बाबतीत दोन्ही डेटा वायरी अडीच मायक्रोसेकंद शून्याजवळ राहिल्या तरी कॉम्प्युटरच्या आतला हब समजतो साधन काढून घेतलं. अडीच मायक्रोसेकंद! एवढ्यात आपली पापणीही हलत नाही.

मल्टिमीटर घ्या, साधा चालेल. एसी ७५० व्होल्टवर ठेवा. प्रिंटरची यूएसबी केबल काढून, कॉम्प्युटर चालू असताना त्याच एक्स्टेन्शन बोर्डाच्या रिकाम्या पिनेत फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. धातूच्या टोकांना बोट लावू नका, पायात चप्पल असू दे, आणि तुम्हाला भीती वाटत असेल तर वायरमनला बोलवा, त्यात काही कमीपणा नाही.

अक्षरजुळारी
काका मी वायरमनलाच बोलावलं, मल्टिमीटर त्याच्याकडेच होता. आकडे त्याच्याकडून लिहून घेतले. आतल्या खोलीत फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ १२०, न्यूट्रल-अर्थ १११. हॉलच्या बोर्डात फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ २.

मग त्याने मेन बंद करून आतल्या खोलीचा बोर्ड उघडला. आमची बिल्डिंग वाडा पाडून झालेली, पस्तीस-चाळीस वर्षं तरी झाली, आतली वायर तेव्हाचीच. फेज आणि न्यूट्रल बसवलेले, आणि हिरवी वायर सॉकेटच्या मागे तीन वेटोळी घालून, टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळून तशीच कोपऱ्यात दाबून ठेवलेली. पट्टी एवढी जुनी की हात लावल्यावर कडक कागदासारखी तुटली. वरच्या तिसऱ्या भोकात काहीच जोडलेलं नाही. म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्या पिनेत इस्त्री लावतोय, कूलर लावतोय, आणि माझी मुलगी तिथेच बसून अभ्यास करते. माझे हातपायच गळाले बघून.

पाषाण_टेकडी
बाप रे. ताई आधी घरातल्या सगळ्या पिना तपासून घ्या, कॉम्प्युटरचं नंतर बघू.

निवृत्त_वायरमन
हेच सांगणार होतो. आणि एक गोष्ट फार कळकळीने सांगतो, इथे वाचणाऱ्या सगळ्यांनाच. अर्थ नाही म्हणून कोणी वायरमन न्यूट्रलमधून छोटी वायर तिसऱ्या भोकात मारून देतो, मीटर लगेच बरोबर दाखवतो, टेस्टर पण पेटत नाही. ते कधीही करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर कॅबिनेट, फ्रिज, वॉशिंग मशीन सगळ्यांच्या पत्र्यावर पूर्ण २३० येतात आणि त्या वेळी ते झिणझिणणार नाही, जीव घेईल. नळाच्या पाइपला वायर बांधणं पण नको, हल्ली मधला पाइप प्लॅस्टिकचा असतो, आणि गॅसच्या पाइपला तर विचारसुद्धा नको. ती हिरवी वायर मीटरजवळच्या अर्थपर्यंत सलग जाते का ते बघून तिथेच जोडायची, सलग नसेल तर नवीन ओढायची. आणि मेनला ईएलसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की आपोआप पडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या.

अक्षरजुळारी
तसंच केलं. वायर अर्ध्यातच तुटलेली निघाली, म्हणून पट्टीतून नवीन हिरवी वायर मीटरच्या बोर्डापर्यंत ओढली. स्वयंपाकघरातली एक पीन पण तशीच निघाली, ती पण केली. मेनला ईएलसीबी सांगितलाय, शनिवारी बसवतो म्हणाला, गुरुवारी तशीही आमच्याकडे लाईट जाते त्यामुळे त्या दिवशी नको म्हटलं. आता आतल्या खोलीत न्यूट्रल-अर्थ १.५ येतं. कॅबिनेटवरून हात फिरवला तर गुळगुळीत लागतो, खरखर नाही, चिमटा नाही.

दोन दिवसांची वही अशी. सोमवारी ९२ प्रूफं काढली. डिस्कनेक्ट एक. मंगळवारी पंपाच्या वेळी काहीच नाही, प्रिंटला काहीच नाही, पण दुपारी डोंगलशेजारची पेन ड्राइव्ह काढताना एक. आठ-दहावरून एकावर आलंय, पण एक तरी का राहावं?

हिंजवडी_नाइटशिफ्ट
मस्त काम केलंत ताई. आता उरलेलं वेगळं कारण असणार. दोन्ही वेळा डोंगल त्याच पोर्टला होतं का? सोमवारी पण शेजारी काही लावलं-काढलं होतं का? डोंगल हाताने हळूच हलवून बघा, आवाज येतो का.

अक्षरजुळारी
हो, मागचं खालून दुसरं पोर्ट, दोन्ही वेळा तेच. सोमवारी माझ्या मनगटाचा धक्का लागला असावा असं आठवतंय. आत्ता हलवलं, टुं-डुंग लगेच. आणि एक बघितलं, या पोर्टमध्ये डोंगल बाकीच्यांच्या मानाने थोडंसं बाहेर राहतं, नखाच्या जाडीएवढं.

हिंजवडी_नाइटशिफ्ट
कॉम्प्युटर शट डाउन करा, मागचा पॉवरचा स्विच बंद करा, केबल काढा, कारण बंद असला तरी कित्येक बोर्डांच्या यूएसबीला ५ व्होल्ट स्टँडबाय येत राहतात. मग मोबाइलचा टॉर्च त्या पोर्टमध्ये मारून फोटो काढा, झूम करून इथे सांगा काय दिसतं. आत काहीही घालू नका.

अक्षरजुळारी
फोटो काढला. पोर्टच्या आत पांढरी प्लॅस्टिकची जीभ दिसते त्यावर चार सोनेरी पट्ट्या, ते ठीक. पण पोर्टच्या वरच्या कडेवरून एक बारीक चकचकीत पत्र्याचा तुकडा आत वळलाय, तांदळाच्या कणीएवढा, अगदी त्या पट्ट्यांच्या वर लोंबतोय. बाकी पोर्टांना असं काही नाहीये.

कोथरूड_डेपो
आय-ओ शील्ड! मागचा तो पातळ पत्रा, ज्यात सगळ्या पोर्टांची भोकं असतात, त्याला प्रत्येक भोकापाशी स्प्रिंगसारख्या छोट्या जिभा असतात, त्या पोर्टच्या बाहेरच्या धातूला टेकायला हव्यात. बोर्ड घाईत सरकवला की एखादी जीभ बाहेर टेकण्याऐवजी पोर्टच्या आत शिरते. मग प्लग पूर्ण बसत नाही, आणि ती जीभ जर ५ व्होल्टच्या पट्टीला टेकली तर शॉर्ट. काही बोर्ड त्यावर ओव्हर करंटचा मेसेज देऊन १५ सेकंदात बंदच होतात. तुमचं नशीब की नुसतं प्लगलाच अडवत होती. असेंबल करणाऱ्याची चूक आहे ही, त्याने दुरुस्त करून द्यायला हवी, पण मशीन तिथे चार दिवस पडून राहणार असेल तर स्वतः केलेलं बरं.

बिबवेवाडी_बस
माझा एसएमपीएसचा अंदाज चुकला, पण फार काही शिकायला मिळालं. माझं पण विचारतो, माझ्या वेबकॅमचं चित्र गोठतं, तो चार पोर्टच्या साध्या हबवर लावलाय, हबला वेगळा अॅडॅप्टर नाहीये. अर्थिंग बघितलं, ठीक आहे.

पाषाण_टेकडी
हब काढा. यूएसबी २.० चं एक पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतं, त्यात हब स्वतः १०० घेतो आणि नियमाप्रमाणे उरलेले चार जणांत १००-१००. वेबकॅम त्याच्यापेक्षा जास्त मागत असणार. सरळ मागच्या पोर्टला लावा किंवा अॅडॅप्टरवाला हब घ्या.

बिबवेवाडी_बस
मागे लावला, थांबला प्रॉब्लेम. धन्यवाद.

अक्षरजुळारी
दुकानदाराला फोटो पाठवला, तो म्हणाला सोमवारी आणा, बुधवारी देतो. माझ्याकडे तेवढे दिवस नव्हते. काल रात्री वरच्या मजल्यावरचा मुलगा आला, आम्ही कॅबिनेट आडवं केलं, त्याने प्रत्येक केबल काढायच्या आधी फोटो काढले, बोर्डाचे आठ स्क्रू मी एका वाटीत ठेवले. बोर्ड बोटभर मागे सरकवल्यावर ती जीभ बाहेर आली, त्याने चिमट्याने सरळ करून बाहेरच्या बाजूला वळवली, आणि बोर्ड परत बसवताना मी मागून टॉर्च धरून एकेका पोर्टमध्ये बघत होते की सगळ्या जिभा बाहेर आहेत ना. चालू केला तेव्हा दोघांचाही श्वास अडकलेला. आता डोंगल त्या पोर्टमध्ये पूर्ण आत जातं, शेवटी टक् असं बसतं, आणि हलवलं तरी आवाज नाही.

निवृत्त_वायरमन
छान केलंत. ईएलसीबी बसला का? त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा.

अक्षरजुळारी
बसला काका, बटण दाबून पण बघितलं, खटकन पडला. मुलीला पण दाखवलं कसं बघायचं ते. त्या मुलाला आमच्याकडे जेवायला बोलावलंय रविवारी, पुरणपोळी मागितलीये त्याने.

सहा दिवस झाले, वहीत एकही नोंद नाही. रोजचा बॅकअप, पंप, १८० च्या वर प्रूफं, सगळं झालं. अंकाची शेवटची पानं आज दुपारी प्रेसला गेली. वही मात्र अजून कीबोर्डशेजारीच ठेवलीये.